आजोबांची सायकल आणि चाळीस मिलिमीटर

दिवाळीत महाराष्ट्र एक्सप्रेसच्या लगेज डब्यात टाकून माझी रोड सायकल गोंदियाला नेली. टायर २५ मिमी, हवा ठासून भरलेली, डांबरावर नुसती पळते. तिरोड्याकडे धानाच्या बांध्यांतून जाणाऱ्या एका पांदणीत शिरलो आणि दोनशे मीटरमध्ये हाडं खिळखिळी! मागून मामेभाऊ आजोबांच्या जुन्या काळ्या सायकलवरून आरामात पुढे निघून गेला. इंजिनिअर माणसाला हे झोंबणारच. मग जरा इतिहास चाळला.

आधी थोडं फिजिक्स. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे जाऊन पुन्हा फुगतो. दबताना घातलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, गुणांक ०.००४ आणि वेग ताशी २० किमी धरला, तर साधारण १८ वॅट नुसते टायर खातात.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ चं, रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरचं. त्याने ते घोडागाडीला लावून ओढायला किती जोर लागतो हे मोजलं. चांगल्या रस्त्यावर फायदा झाला, पण ताज्या खडीवर तो कितीतरी जास्त निघाला. म्हणजे रस्ता जितका वाईट, तितकी हवा उपयोगाची. पुढे शोध विसरला गेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा लावला, आणि १८८९ मध्ये विली ह्यूमने त्या टायरवर शर्यती जिंकल्या.

इथून गंमत सुरू होते. पुढे शर्यतवाल्यांच्या डोक्यात बसलं की टायर जितका अरुंद आणि कडक, तितका वेगवान. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी ड्रमवर हवा वाढवली की आकडा खरंच कमी होतो. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो! खडबडीत रस्त्यावर कडक टायर सायकलीसकट आपल्यालाही हादरवतो आणि त्या हादऱ्यांची ऊर्जा आपल्याच पायांतून जाते. २००० च्या दशकात यान हाइनेसारख्या लोकांनी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांवर चाचण्या केल्या. रुंद पण लवचिक टायर हळू नसतो, हे त्यातून दिसलं. मग व्यावसायिक शर्यतींतही २३ मिमी मागे पडून २८ आणि त्याहून रुंद टायर आले. खडीसाठीच्या ग्रॅव्हल सायकलींचा तर आजचा नेहमीचा आकार ४० मिमी.

आता आजोबांच्या टायरवर काय छापलंय? २८ × १½ इंच. मिलिमीटरमध्ये ४० :-)

अर्थात डांबरावर मीच जिंकलो. त्या टायरचं रबर जाड आणि कापड राठ, त्यामुळे तो दबताना जास्त ऊर्जा खातो. पण ती सायकल डांबरासाठी नव्हतीच. कच्च्या रस्त्यावर दुधाचे कॅन, धानाचं पोतं आणि शाळेची पोरं वाहणारी ती. आम्ही शहरात तिला 'दूधवाल्याची सायकल' म्हणून हसायचो. खरं तर थॉमसनने खडीवर मोजलेली गोष्ट तिने कधी सोडलीच नव्हती. कुठला टायर चांगला, याआधी रस्ता कुठला हे विचारावं लागतं. ते आम्ही विचारलं नाही.

असो. पुढच्या दिवाळीला माझी सायकल पुण्यातच राहील. आजोबांकडे त्यांची मागून ठेवलीय.