काठावरची मोटार : प्रस्तावना

मराठी माणसाची लघुरेल्वेशी पहिली भेट बहुधा पुण्यात होते. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेव्हापासून शाळांच्या सहली आणि आजोबांचे बोट धरून आलेली नातवंडे त्या देखाव्यासमोर हरखून उभी राहतात. सिग्नल पडतो, गाडी सुटते आणि सगळ्यांच्या नजरा इंजिनामागे धावतात. ते साहजिकच आहे. मात्र ही पुस्तिका हाती घेतलेल्या वाचकांनी थोडा वेळ ती नजर रुळांवरून काढून पाण्याच्या कडेला न्यावी, अशी विनंती आहे. तिथे उतारावर एक छोटी मोटार उभी आहे आणि तिची पुढची चाके पाण्यात आहेत.

जमिनीवर आणि पाण्यात सारख्याच हक्काने चालणाऱ्या या मोटारींना आपण उभयचर म्हणतो. त्यांतल्या बऱ्याच जणी युद्धाच्या गरजेतून जन्मल्या. जर्मनीत फोक्सवॅगनची श्विमवागेन आली. अमेरिकेत जीपला नावेचे अंग देऊन फोर्डने ‘जीपीए’ घडवली. आणि जनरल मोटर्सच्या सहाचाकी ‘डक’ गाड्या तर २१,००० हून अधिक तयार झाल्या. शांततेच्या काळात सर्वसामान्य ग्राहकासाठी निघालेली अँफिकार मात्र वेगळीच. हान्स ट्रिपेल यांनी आखलेली ही जर्मन मोटार १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जगापुढे आली. पाण्यावर ७ नॉट आणि रस्त्यावर ताशी ७० मैल, म्हणून तिचे नाव ‘७७०’. मागच्या बाजूला ट्रायम्फ हेराल्डचे इंजिन आणि त्याखाली दोन पंखे होते. पुढची चाकेच सुकाणूचे काम करत. पांढरा, लाल, निळा आणि हिरवा अशा चार रंगांत मिळून चार हजारांच्या आतच गाड्या निघाल्या. पाण्यातून बाहेर आल्यावर तिला तेरा ठिकाणी ग्रीस द्यावे लागे आणि त्यातल्या एका जागेसाठी मागचे आसन काढावे लागे. एवढी सेवा करून घेणाऱ्या या मोटारीवर तिच्या मालकांनी आजही जीव लावलेला आहे.

या इतिहासाचा एक धागा भारतातूनही जातो. बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अभियंता महायुद्धाच्या काळात ब्रिटिश भारतीय सैन्यात होता. भारतात असतानाच त्याने एक जीपीए पाहिली आणि तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करायचे मनाशी ठरवले. ‘हाफ-सेफ’ नावाच्या अशाच गाडीतून त्याने १९५० मध्ये पत्नीसह अटलांटिक ओलांडला आणि १९५८ मध्ये मॉन्ट्रिअलला प्रदक्षिणा पूर्ण केली. ती गाडी आज पर्थच्या एका शाळेत जपून ठेवलेली आहे. लघुरेल्वेच्या एचओ प्रमाणात साध्या जीपीएची प्रतिकृती केली तर ती जेमतेम ५३ मिलिमीटर भरेल. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत एवढा प्रवास सामावू शकतो, हे या छंदाचे पहिले सुख.

मग ही मोटार रेल्वेच्या देखाव्यातच का ठेवायची, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. देखाव्यात पाणी बहुतेक वेळा शोभेपुरते असते. पुलाखाली निळा पट्टा रंगवला की काम झाले, असे आपण मानतो. रूळ पुलावरून निघून जातात, रस्ताही जातो आणि होडी पाण्यातच राहते. काठाशी कुणालाच देणेघेणे नसते. उभयचर मोटार ठेवली की काठाला महत्त्व येते. ती कुठून उतरली? उतार किती? पाणी किती खोल? पलीकडे बाहेर कुठून पडणार? या चार प्रश्नांची उत्तरे शोधताना सगळा देखावा नव्याने मांडावा लागतो. मराठीत तर या विचाराला शब्द आयताच आहे. आपला घाट डोंगराचाही असतो आणि नदीचाही. बोरघाटातून गाडी चढते आणि नदीच्या घाटावरून माणूस पाण्यात उतरतो. आपल्या देखाव्यात पहिला घाट आपण हौसेने बांधतो. दुसरा घाट बांधायला ही मोटार भाग पाडते.

नव्याने येणाऱ्या वाचकांनी सुरुवात प्रमाणापासून करावी. एचओ म्हणजे एकास ८७. या प्रमाणात अँफिकारची लांबी ५० मिलिमीटर, म्हणजे साधारण काडेपेटीएवढी, आणि ‘डक’ सुमारे १०८ मिलिमीटर. एअरफिक्सचा ‘डक’चा जुना संच एकास ७६ प्रमाणाचा आहे. तो एचओ गाडीशेजारी ठेवलात तर सुमारे १४ टक्के मोठा दिसेल, आणि डोळा ही चूक लगेच पकडतो. रुळांचेही तसेच. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे १,४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी असतो. आपल्या ब्रॉडगेजला या हिशेबाने १९ मिलिमीटरहून थोडी जास्त रुंदी लागते. ही तडजोड जाणून स्वीकारा, म्हणजे पुढे खटकणार नाही.

प्रमाणानंतर काळ. अँफिकार १९६० च्या दशकातली, म्हणून तिच्याशेजारून जाणारी गाडीही त्या काळातली हवी. बोरघाटात तेव्हा ‘खेकडा’ या लाडक्या नावाचे विजेचे इंजिन धावत होते. तो खेकडा वर आणि खाली पाण्याकाठी लाल अँफिकार, अशी कल्पना करायला काहीच हरकत नाही. दोघांचा काळ एक असला की कल्पनेवरही विश्वास बसतो.

सगळ्यात जास्त सबुरी पाण्यासाठी लागते. मोटार पाण्यात दाखवायची तर ती पृष्ठभागावर नुसती ठेवून चालत नाही. पाण्याच्या रेषेशी ती कापावी लागते किंवा रेझिनमध्ये बसवावी लागते. इंजिन मागे असल्यामुळे मागची बाजू थोडी खाली आणि नाक किंचित वर हवे. वळण घेताना दाखवायची असेल तर पुढची चाके वळलेली हवीत, कारण सुकाणू तीच. रेझिन दोन-तीन मिलिमीटरचे थर देत ओतावे आणि प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा. हाइलच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी घाईने सगळे एकदमच ओतले. ते इतके तापले की मोटारीचा प्लास्टिकचा तळ वाकला. तेव्हापासून मी थर रात्री देतो आणि धूळ बसू नये म्हणून वर परात पालथी घालतो.

हाइलचा उल्लेख आलाच आहे, तर सांगतो. अजा आणि सलमा या डोंगररांगांच्या परिसरातल्या या वाळवंटी शहरात बसून पाण्याच्या काठाविषयी लिहावे, हे काहींना नवल वाटेल. पण इथे रूळ आहेत. रियाधहून उत्तरेला कुरय्यातपर्यंत १,२०० किलोमीटरहून लांब जाणारा मार्ग हाइलवरून जातो, आणि तो नेमका १,४३५ मिलिमीटरचा असल्याने एचओ रुळांवर अचूक बसतो. पश्चिमेला १९०८ मध्ये मदिनेला पोहोचलेल्या हेजाझ रेल्वेची रुंदी १,०५० मिलिमीटर होती. एचओमध्ये ती १२ मिलिमीटर भरते, म्हणजे आपल्या मीटरगेजसाठी वापरतात तोच रूळ.

आणि पाणीही होते. हाइलच्या उत्तरेला नफूद वाळवंटाच्या वाळूत जुब्बा आहे. तिथल्या उम्म सिनमान डोंगराच्या पायथ्याशी एके काळी तळे होते. त्याच्या काठी राहणाऱ्या माणसांनी कातळावर माणसे आणि जनावरे कोरून ठेवली. ती शिल्पे २०१५ पासून जागतिक वारसा आहेत. तळे आटले, पण त्याचा काठ त्या शिल्पांमुळे आजही ओळखता येतो. माझ्या घरातल्या छोट्या फळीवर मी ते तळे पुन्हा भरले आहे. काठाला नफूदचीच तांबूस वाळू आहे. ती वस्त्रगाळ करून घ्यावी लागली, कारण या प्रमाणात पाव मिलिमीटरचा कणसुद्धा दोन सेंटिमीटरचा खडा होतो. मागून रूळ जातात आणि उतारावर अँफिकार उभी आहे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्यांना इतिहास आवडतो त्यांनी गाड्यांपासून सुरुवात करावी, ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनी रेझिनपासून. एवढेच सुचवावेसे वाटते की मोटार विकत घेण्याआधी तुमच्या ओळखीच्या एखाद्या काठावर जाऊन या. नदीचा घाट, धरणाची कड, खाडीवरचा धक्का, काहीही चालेल. पाणी जमिनीला नेमके कुठे लागते, तिथला दगड कुठवर ओला असतो, शेवाळ कुठे सुरू होते, हे बसून पाहा आणि कागदावर उतरवा. तो काठ आधी फळीवर बांधा. तो मनासारखा झाला की मोटार कुठे उभी करायची, हे वेगळे शोधावे लागणार नाही.

हाइल, सौदी अरेबिया