भारतीय नौदल हवाई तुकडी ३०० (व्हाइट टायगर्स)

विमानवाहू नौकेवरून लढणारी भारतीय नौदलाची पहिली लढाऊ विमानांची तुकडी. तळ : आयएनएस हंसा, दाबोळी (गोवा). स्थापना ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील ब्रॉडी येथील नाविक हवाई तळावर, हॉकर सी हॉक या एक आसनी जेट विमानांसह झाली. पहिले प्रमुख लेफ्टनंट कमांडर बी. आर. आचार्य.

आयएनएस विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. १८ मे रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी (पुढे नौदलप्रमुख) यांनी तिच्यावर पहिले जेट विमान उतरवले. सी हॉक वाफेच्या कॅटपल्टने उडे आणि उतरताना शेपटाचा आकडा डेकवरील तारेत अडकवून थांबे. उड्डाणासाठी नौका वाऱ्याला सामोरी ठेवून वेगात हाकावी लागे, त्यामुळे वैमानिकाइतकीच जबाबदारी इंजिनघरावरही असे. किनाऱ्यावरील तळ सुरुवातीला कोइमतूरजवळ सुलूर येथे होता. गोवामुक्तीनंतर, १९६४ मध्ये, तो दाबोळीस आला.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती, त्यामुळे तुकडीला तिच्यावरून लढता आले नाही.

१९७१ चे युद्ध : तुकडीच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे पर्व. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेल्याने नौकेच्या वेगावर मर्यादा आली होती. वारा कमी असला की विमानावर किती भार लादायचा, याचा हिशेब प्रत्येक उड्डाणापूर्वी काटेकोरपणे मांडावा लागे. तरीही नौका बंगालच्या उपसागरात उतरवण्यात आली. ४ डिसेंबरपासून सी हॉकनी कॉक्स बझार व चितगाव, नंतर खुलना, मोंगला या बंदरांवर हल्ले केले. आलिझे विमानांची तुकडी ३१० सोबत होती. बुडालेल्या व निकामी झालेल्या जहाजांचे आकडे निरनिराळे दिले जातात. तुकडीने मात्र एकही सी हॉक गमावले नाही. प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. बिघडलेल्या नौकेवरून ही मोहीम तडीस नेणाऱ्या डेकवरील व इंजिनघरातील खलाशांचा उल्लेख युद्धकथांत क्वचितच येतो. तो येथे आवश्यक आहे.

१६ डिसेंबर १९८३ रोजी सी हॉकची जागा घेणारी पहिली तीन सी हॅरिअर विमाने ब्रिटनहून दाबोळीस उतरली. तुकडीची धुरा अरुण प्रकाश (पुढे नौदलप्रमुख) यांच्याकडे होती. हे विमान इंजिनाचा झोत खाली वळवून उभे उतरे. कॅटपल्ट व तारांची गरज संपली आणि उड्डाणासाठी विक्रांतच्या टोकाला चढण बसवण्यात आली. १९८७ मध्ये आयएनएस विराट ही विमानवाहू नौका दाखल झाल्यावर तुकडी तिच्यावरूनही उडू लागली. पुढे काही विमानांना इस्रायली रडार व डर्बी क्षेपणास्त्रे बसवली. घेतलेल्या सी हॅरिअरांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली. कारणांविषयी एकमत नाही. ११ मे २०१६ रोजी सी हॅरिअर निवृत्त झाले.

त्यानंतर तुकडीकडे मिग-२९के विमान आले. हे चढणीवरून उडते आणि तारांच्या आधाराने उतरते. नौकेवरून उड्डाण व अवतरण करण्याच्या तिन्ही पद्धती एकाच तुकडीने हाताळल्या, हे तिचे तांत्रिक वेगळेपण होय.

बोगमाळो (गोवा) येथील नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक व सी हॅरिअर पाहावयास मिळतात.