सूक्ष्मदर्शक : शलाका आणि सुई



शेतकरी सारें शेत एकदम नांगरीत नाहीं. एका तासाशेजारीं दुसरें तास काढीत जातो. क्रमवीक्षक सूक्ष्मदर्शकहि वस्तूचें रूप असेंच रेषेमागून रेष टिपतो. नांगराच्या जागीं काय योजावें, यावरून त्याचे प्रकार झाले.

पहिल्या प्रकारांत इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका वस्तूवरून फिरते. १९३८ सालीं बर्लिनचे मानफ्रेड फॉन आर्डेन यांनीं ही युक्ति प्रसिद्ध केली. १९४४ च्या विमानहल्ल्यांत त्यांचें यंत्र नष्ट झालें. अमेरिकेंत झ्वोरिकिन व त्यांचे सहकारी यांनीं १९४२ मध्यें असें यंत्र उभारलें, परंतु पुढें तें काम सोडून दिलें. १९४८ सालीं केंब्रिज येथें चार्ल्स ओटली यांनीं तोच विषय डेनिस मॅक्मुलन या विद्यार्थ्यास दिला, तेव्हां कित्येक जाणत्यांनीं तो निव्वळ कालापव्यय ठरविला. गुरुशिष्य डगमगले नाहींत. एकामागून एक विद्यार्थी तें काम पुढें नेत राहिले, आणि १९६५ सालीं यंत्र बाजारांत आलें.

या यंत्रांत माशीच्या डोळ्याचा अथवा परागकणाचा उंचसखलपणा छायाचित्रासारखा दिसतो. मात्र वस्तु निर्वात पेटींत ठेवावी लागते, आणि ती वीजवाहक नसल्यास तिच्यावर बहुधा सोन्याचा पातळ लेप द्यावा लागतो.

दुसऱ्या प्रकारांत शलाकेच्या जागीं सुई आली. आंधळा काठीनें वाट चाचपतो, तशी ही सुई पृष्ठभाग चाचपते. पण स्पर्श न करतां! १९८१ सालीं ज्यूरिखनजीक बिनिंग व रोहरर यांनीं ती सिद्ध केली. सुई व वस्तु यांमध्यें सेंटिमीटरच्या सुमारें एक कोट्यंशाची फट असते, व तींतून सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो. अणूच्या व्यासाहूनहि कमी अंतर वाढलें, तरी प्रवाह सुमारें दसपट घटतो. म्हणून एकेक अणु ओळखतां येतो. परंतु वस्तु वीजवाहकच हवी. ही अडचण १९८६ सालीं बिनिंग, क्वेट व गर्बर यांनीं दूर केली. त्यांनीं सुई लवचिक पातीवर बसविली, आणि प्रवाहाऐवजीं अणूंमधील बल मोजलें. ही सुई पाण्यांतहि चालते.

तेव्हां श्रेष्ठ कोण, हें वस्तु पाहूनच ठरवावें. विस्तीर्ण रचनेस शलाका, धातूवरील अणूंस पहिली सुई, ओल्या व नाजूक जीवद्रव्यास दुसरी.

१९८६ चें भौतिकीचें नोबेल पारितोषिक अर्धें बिनिंग व रोहरर यांना, आणि अर्धें, १९३१ मध्यें क्नोल यांच्यासह पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक करणाऱ्या रुस्का यांना मिळालें. ओटली यांना तें लाभलें नाहीं. परंतु इतरांनीं टाकलेला विषय विश्वासानें विद्यार्थ्याच्या हातीं देणारा तो अध्यापक, आयुष्य शाळेंत घालविलेल्या मला, अधिक जवळचा वाटतो.