टर्बोची मोटार आणि गियरची वेळ

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह यांची अपेक्षा केली जाते. आजचा विषय त्या मानाने फार लहान आहे. मोटार चालवणारा माणूस क्लच दाबून गियर बदलतो, तो त्याने नेमका केव्हा बदलावा, एवढाच हा प्रश्न; आणि तोही टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारीपुरता. परंतु त्याचे उत्तर चुकले तर भरल्या गाडीने घाटात ट्रक ओलांडताना त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय हे उत्तर काळागणिक बदलत गेले आहे. वडिलांनी शिकवलेला नियम मुलाच्या गाडीला लागू पडत नाही, आणि मग दोघांत वाद होतो. खरे म्हणजे दोघेही आपापल्या इंजिनापुरते बरोबर असतात. हे कसे झाले ते आपण क्रमाने पाहू.

प्रथम गियर मुळात का लागतो ते ध्यानात घेतले पाहिजे. बैल जागचा हलण्याआधीच जुवावर पूर्ण जोर लावू शकतो. वाफेचे इंजिनही तसेच. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला हे साधत नाही. ते मिनिटाला बरेच फेरे फिरू लागल्यावाचून त्यात जीव येत नाही. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चक्रांची पेटी आली. आरंभीच्या पेटीत दाते एकमेकांवर घासून कर्कश आवाज होई, आणि दोनदा क्लच दाबून फेरे जुळवून घ्यावे लागत. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने फेरे आपोआप जुळवणारी पेटी आणली व हाताचे कष्ट कमी झाले. पण बदल केव्हा करायचा हे ठरवण्याचे काम कानाकडेच राहिले. इंजिन कण्हू लागले की खालचा गियर, किंचाळू लागले की वरचा. हा नियम त्या काळी पुरेसा होता. कारण त्या इंजिनाला मिळणारी हवा त्या क्षणाच्या फेऱ्यांवर आणि पायाखालच्या पेडलवर अवलंबून असे. गेल्या क्षणी काय घडले याचा तीत काही संबंध नसे.

हा संबंध निर्माण केला तो टर्बोने. आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडचा अभियंता. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर इंधनातील शक्तीचा मोठा हिस्सा आपल्याबरोबर फुकट घेऊन जातो, हे त्याला खुपत होते. त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवावे, त्याच्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून त्याच्याकडून सिलिंडरात हवा कोंबावी, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक इंधन जाळता येईल, अशी त्याची कल्पना. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. ती व्यवहारात उतरायला वीस वर्षे लागली. १९२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना हे यंत्र बसवले, तेव्हा प्रत्येक इंजिनाची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. दरम्यान १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर चढवून तिथल्या विरळ हवेत टर्बोची परीक्षा घेतली. ३५० अश्वशक्तीचे ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत खचत होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर आले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जहाज आणि विमान यांची इंजिने तासन्‌तास एकाच चालीने चालतात. टर्बोचे चक्र फार वेगाने फिरते. ते एकदा पूर्ण वेगात आले की जहाजाला किंवा विमानाला चिंता उरत नाही. मोटारीचे तसे नाही. ती थांबते, निघते, वळते, चढते. पेडल सोडले की धुराचा झोत ओसरतो आणि चक्र मंदावते. पुन्हा दाबले की आधी धूर वाढायचा, मग चक्राने वेग घ्यायचा, मग हवा यायची आणि मग कुठे गाडी उचलायची. या विलंबाला वाहनांच्या जगात टर्बो लॅग म्हणतात. गियर बदलण्याची वेळ हा प्रश्न अवघड झाला तो यामुळे. टर्बोचे इंजिन आताच्या श्वासासाठी मागच्या क्षणाच्या धुरावर अवलंबून असते.

मोटारीत टर्बो आला १९६२ साली. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर स्पायडर या दोन गाड्या त्या वर्षी निघाल्या. जेटफायरच्या इंजिनात दाबलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटू नये म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. ती टाकी भरण्याचे पुष्कळांकडून राहून जाई, आणि टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप आवरला जाई. १९६३ नंतर ही गाडी निघाली नाही.

त्यानंतरचा टप्पा जर्मनीचा. १९७३ साली बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली. पाठोपाठ तेलाचे संकट आले आणि अवघ्या १६७२ गाड्यांवर तिचा अवतार संपला. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शने ९११ टर्बो मांडली. या गाड्यांत सुमारे साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत इंजिन मवाळ असे आणि त्यानंतर एकाएकी जोर उसळे. पोर्शला तर १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चारच गियर होते. गियर कमी म्हणजे दोन गियरांमधील अंतर मोठे, आणि अंतर मोठे म्हणजे वरचा गियर टाकताच फेरे फार खाली येणार. चालकाने घाईने गियर बदलला की गाडी एकदम सुस्तावे. वळणाच्या मध्यावर जोर आला तर मागची चाके निसटत. त्या पिढीचा नियम म्हणूनच असा झाला की गियर उशिरा बदला, फेरे चढे ठेवा.

शर्यतीत हीच अडचण अधिक उग्र होती. १९७७ साली रेनॉने दीड लिटरची टर्बो गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. ती वारंवार बिघडून धूर ओकत थांबे, म्हणून प्रतिस्पर्धी तिला पिवळी चहाची किटली म्हणून हिणवत. १९७९ साली दिजाँच्या मैदानावर झां-पिएर झाबुईने त्याच कंपनीच्या टर्बो गाडीने फ्रान्सची शर्यत जिंकली आणि हसणारे गप्प झाले.

घरगुती चालकाची अडचण जाणली ती स्वीडनच्या साब कंपनीने. १९७८ साली विक्रीस आलेल्या तिच्या ९९ टर्बोत लहान चक्र घातले होते. लहान चक्र हलके. थोड्या धुरातही फिरते. फाजील धूर परस्पर सोडून द्यायला झडप ठेवली. शिखरावरची थोडी शक्ती गेली, पण जोर ३००० फेऱ्यांच्या आसपास मिळू लागला. पुढल्या टर्बोगाड्यांनी हीच वाट धरली.

आपल्याकडे टर्बो सामान्य कुटुंबापर्यंत आला तो मुख्यतः डिझेलमधून. १९९८ साली पुण्याच्या टाटा कारखान्यातून सफारी निघाली. २००७ साली मारुतीच्या स्विफ्टमध्ये फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन आले. तेच इंजिन पुण्याजवळ रांजणगावीही तयार होत असे. २०२० च्या प्रदूषण-नियमांबरोबर ते आपल्याकडे बंद झाले, पण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर त्याने पुष्कळांना टर्बोचा धडा दिला. त्याचा पूर्ण जोर २००० फेऱ्यांना मिळे. त्याखाली ते मरगळलेले असे.

आता एखाद्या घाटाचा चढ डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात जाताना फेरे साधारण दोन तृतीयांशावर येतात असे धरू. चालकाने २१०० फेऱ्यांवर गियर बदलला, तर तिसऱ्यात इंजिन १४०० वर उतरते. टर्बो निजतो, पुढे ट्रक, समोरून बस, आणि पेडल तळाला लावूनही गाडी खेचत नाही. तोच बदल ३००० वर केला, तर फेरे २००० वर येतात आणि टर्बो जागाच राहतो. तेव्हा प्रश्न आता फेरे किती आहेत हा नसून बदलल्यावर किती राहतील हा आहे. कण्हणे-किंचाळणे ऐकणारा कान येथे अपुरा पडतो, कारण २१०० वर इंजिन मजेत गात असते. ओलांडायचे असेल तर खालचा गियर आधी टाकावा, टर्बो भरू द्यावा, मगच गाडी उजवीकडे काढावी.

अलीकडच्या पेट्रोल टर्बोने हा नियमही पुन्हा बदलला. आता पुष्कळ इंजिने १५०० ते २००० फेऱ्यांतच पूर्ण जोर देतात. सपाट रस्त्यावर लवकर वरचा गियर टाकला तर इंधन वाचते आणि गाडी तक्रार करीत नाही. हेच तिचे गोड बोलणे फसवे आहे. कमी फेरे आणि पेडलवर पूर्ण पाय, अशा स्थितीत तेलाचे थेंब किंवा काजळीचे कण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतात, आणि त्या दणक्याने पिस्टनसुद्धा फुटू शकतो. हा प्रकार इतका जाणवला की २०१८ साली अमेरिकेत त्यासाठी इंजिन-तेलाचा नवा दर्जा ठरवावा लागला. म्हणून आजचा नियम दुहेरी आहे. हलक्या पायाने चालवताना गियर लवकर बदला. पण जोर मागायचा असेल तर आधी खाली या.

आता पुष्कळ गाड्यांत गियर बदलण्याचे काम यंत्रच करते. तथापि घाट ज्याला ठाऊक आहे, पुढच्या वळणामागे चढ आहे की उतार हे ज्याला दिसते, तो माणूस यंत्राच्या आधी एक क्षण निर्णय घेऊ शकतो. टर्बोला नेमका तोच एक क्षण लागतो. तेवढा त्याला देण्याची सवय हाताला लागावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.