घरखरेदीवरील राजभाग : पांढरी, मोर्तब व मुद्रांक

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस हिंगणा हें तालुक्याचें गांव आहे. औद्योगिक वसाहत झाल्यापासून, व 2020 सालीं मेट्रो रेल्वे हिंगणा रस्त्यावरील लोकमान्यनगरापर्यंत येऊन पोहोंचल्यापासून, या टापूंत घरांची व जागांची घेवदेव फार वाढली आहे. खरेदीदार मुद्रांकाचा पैसा भरतो, नोंदणीचा भरतो, आणि सरकारांत पैसा भरला म्हणजे घर आपलें झालें असें समजून निश्चिंत होतो. ही समजूत कायद्याच्या दृष्टीनें चुकीची आहे. परंतु ती उगीच उत्पन्न झालेली नाहीं. तिच्या मागें जुना व्यवहार आहे, आणि तो कोणता हें येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिकाची जमीन ती काळी व वस्तीची ती पांढरी, हा भेद आपल्याकडे सर्वत्र रूढ होता. भोंसल्यांच्या राज्यांत पांढरी हें एका कराचेंहि नांव होतें. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा नागपूर राज्याविषयींचा 1827 चा अहवाल प्रसिद्धच आहे. त्यांत या कराचें वर्णन सांपडतें. काळीचा धारा न देणारे कोष्टी, तेली, वाणी इत्यादि लोक हा कर देत. इंग्रजी अमलांतहि तो चालू राहिला व त्यासाठीं 1867 सालीं निराळा कायदा करण्यांत आला. मात्र हा कर गांवांत राहून धंदा करण्यावर होता, घराच्या खरेदीवर नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत होतां कामा नये.

खरेदीच्या प्रसंगीं राज्यकर्ता काय घेई व त्याबद्दल काय देई, याचा उलगडा देशावरील वतनपत्रें व मिरासपत्रें यांवरून होतो. विकणारा चतुःसीमा सांगे, मोबदला पावल्याचें लिहून देई, आणि गोताची साक्ष पडे. पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी असे, बलुतेदारांच्या पुढें त्यांच्या त्यांच्या हत्याराची. साक्षीदारांस शेलापागोटें मिळे. वतनाचा व्यवहार असल्यास सरकारांत नजर द्यावी लागे, व ती घेऊन सरकार आपलें पत्र करून देई. पत्राच्या अखेरीस मोर्तब होई. त्यापुढें एक अक्षरहि वाढवितां येत नसे. म्हणजे नजर हें केवळ उत्पन्न नव्हतें. पुढें तंटा पडला तर ज्यांनीं शेलापागोटें घेतलें त्यांस गोतांत उभें राहून साक्ष द्यावी लागे, आणि ज्यानें नजर घेतली त्याचें पत्र पुराव्यास येई. घेणारा जबाबदारीनें बांधला जाई. उत्तर हिंदुस्थानांतील ‘हक-इ-चहारम’ याहून निराळा. तेथें कित्येक गांवीं घर विकलें कीं किंमतीचा चौथा हिस्सा जमीनदार घेई, व त्याचा आधार वाजिब-उल-अर्जांत नोंदलेली वहिवाट हा असे. यांत हमी कोणती, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

मुद्रांकाची कल्पना परदेशची. हॉलंडांत तो 1624 सालीं सुरू झाला; बंगाल्यांत कंपनी सरकारनें 1797 च्या रेग्युलेशनानें आणला. नागपूरचें राज्य 1854 सालीं खालसा झालें, आणि पुढें 1899 चा मुद्रांक कायदा व 1908 चा नोंदणी कायदा हे येथील खरेदीखतांचे नियंते झाले. या बदलाचें मर्म असें कीं साक्ष माणसांकडून कागदाकडे गेली, परंतु कागदानें पूर्वीची हमी घेतली नाहीं. विक्रेत्याची मालकी खरी कीं खोटी याचा निवाडा करण्याचा अधिकार 1908 च्या कायद्यानें नोंदणी अधिकाऱ्यास दिलेला नाहीं. नोंद होते ती दस्ताची. उलट मुद्रांक कमी पडला, तर तो व दंड भरीपर्यंत दस्त पुराव्यांत घेतला जात नाहीं. पैसा न भरल्याचें नुकसान निश्चित. भरल्यानें मालकी मात्र सिद्ध होत नाहीं.

येथें वऱ्हाड-नागपूरच्या वाचकांनीं एक बारकावा ध्यानांत घ्यावा. 1882 चा मालमत्ता-हस्तांतरणाचा कायदा मध्यप्रांतास आरंभापासून लागू होता. मुंबई इलाख्यास तो 1893 मध्यें लागला. पुण्याच्या आधीं दहा वर्षें नागपुरास! या कायद्याप्रमाणें शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या घराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच व्हावी लागते. त्याखालील किंमतीचें घर नुसता ताबा दिल्यानेंहि विकतां येई. गांवठाणांतील मातीच्या घरास त्या काळीं शंभर रुपये किती ठिकाणीं येत असतील? अशा घराच्या पूर्वीच्या विक्रीचा कागद आज मिळाला नाहीं, तर तेवढ्यावरून लबाडीचा संशय घेणें योग्य नव्हे. परंतु ताबा कोणापासून कोणाकडे आला, हें जुन्या घरपट्टीच्या पावत्या, आखीव पत्रिका व शेजाऱ्यांचे दस्त यांवरून जुळवून घ्यावें लागेल, आणि तें काम खरेदीदाराचेंच आहे. मुखत्यारपत्र व कब्जापत्र यांवर झालेल्या अलीकडच्या व्यवहारांस ही सबब लागू नाहीं. अशा कागदांनीं मालकी जात नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

विदर्भ 1956 सालीं मुंबई राज्यांत आला व त्यास 1958 चा मुद्रांक कायदा लागला. 1980 पासून आकारणी बाजारमूल्यावर होऊं लागली. त्यापूर्वीं पक्षकार सांगतील ती किंमत ग्राह्य असे. आतां ठरलेली किंमत व वार्षिक मूल्यदर तक्त्यांतील मूल्य यांत जें अधिक, त्यावर मुद्रांक बसतो. सौदा 30 लाखांस ठरला व तक्त्याप्रमाणें मूल्य 34 लाख आलें, तर शेंकडा एकास 34,000 रुपये या हिशेबानें रक्कम धरावी. नोंदणीची फी शेंकडा एक, परंतु 30,000 च्या वर नाहीं. ग्रामीण भागांत जिल्हा परिषदेचा अधिभार 1961 च्या कायद्यान्वयें पडतो. गांवाचा वाटा असा नव्या रूपानें टिकून आहे! बांधकाम पुरें होण्यापूर्वीं बांधणाऱ्याकडून घर घेतल्यास वस्तु व सेवा कर निराळा. तो 1 एप्रिल 2019 पासून सामान्यतः शेंकडा पांच व परवडणाऱ्या घरांस एक असा ठरला. तयार व पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरास तो लागत नाहीं.

या सर्व रकमा भरल्यावर जी पावती हातीं येते, ती राजभाग पोहोंचल्याची. चतुःसीमा मोजणें, पूर्वीचे दस्त पाहणें, शेजाऱ्यास विचारणें हें जें काम पूर्वीं गोत करी, त्याची पावती कोणत्याहि कचेरींत मिळत नाहीं.