मँचेस्टर युनायटेडचे फॅन्स २० वर्षं चिडलेत, मग मालक जात का नाहीत?

१२ मे २०२४. ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनलविरुद्धची मॅच संपली होती. मँचेस्टर युनायटेड घरच्या मैदानावर १-० ने हरलं होतं. त्यात मुसळधार पाऊस आला आणि स्टेडियमच्या छपरातून प्रेक्षकांच्या बाकांवर अक्षरशः धबधबा कोसळायला लागला. लोकांनी मोबाइल काढले, व्हिडिओ जगभर फिरले, मीम्स झाले. इंग्लंडमधला सर्वांत जास्त वेळा लीग जिंकलेल्या क्लबांपैकी एक, आणि छप्पर गळतंय.

फॅन्सना त्या दिवशी हसू आलं असेल, पण आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. या स्टेडियमचं शेवटचं मोठं वाढीव बांधकाम २००६ साली पूर्ण झालं होतं. मधल्या काळात क्लबमधून व्याज, कर्जाचे खर्च आणि लाभांश मिळून १ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम बाहेर गेली. छपराच्या डागडुजीला काही पैसे उरले नाहीत, असं चाहते वर्षानुवर्षं म्हणत होते. त्या दिवशी सगळ्या जगाला ते दिसलं.

तुमच्या टाइमलाइनवर ‘ग्लेझर्स आउट’ असं लिहिलेलं एखादं पोस्टर कधी ना कधी येऊन गेलंच असेल. टीम हरली की ते जास्त दिसतं. मात्र हे भांडण सुरू झालं तेव्हा टीम हरत नव्हती.

चाळ विकत घेतली, हप्ते भाडेकरूंच्या माथी

२००५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे उद्योजक माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेड विकत घेतलं. अमेरिकन फुटबॉलमधली टँपा बे बकनीअर्स ही टीम त्यांच्याकडे आधीपासून होती. युनायटेडसाठी त्यांनी सुमारे ७९ कोटी पौंड मोजले. यातला मोठा हिस्सा, म्हणजे ५० कोटी पौंडांहून जास्त रक्कम, कर्जाची होती.

आता हे कर्ज कसं घेतलं ते बघा. समजा, कुणीतरी तुमची चाळ विकत घेतली. पैसे उसने आणले, तारण म्हणून चाळच ठेवली आणि हप्ते भाडेकरूंच्या भाड्यातून भरायला लागला. वर भाडंही वाढवलं. ग्लेझर कुटुंबाचा व्यवहार साधारण असाच होता. त्याआधी युनायटेडच्या डोक्यावर कर्ज नव्हतं. सौदा झाल्यावर क्लब स्वतःच्याच खरेदीचं व्याज भरू लागला. यात बेकायदा काही नव्हतं. कंपन्या अशा पद्धतीने घेतल्या जातात.

फॅन्सना हे तेव्हाच कळलं होतं. जून २००५ मध्ये ग्लेझर यांची मुलं पहिल्यांदा ओल्ड ट्रॅफर्डला आली तेव्हा बाहेर जमलेल्या चाहत्यांनी रस्ते अडवले. नव्या मालकांना पोलिसांच्या व्हॅनमधून बाहेर काढावं लागलं. स्वतःच्या क्लबची पहिली भेट अशी संपली.

काही चाहत्यांनी आणखी पुढचं पाऊल उचललं. त्यांनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा वेगळा क्लब काढला आणि इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून सुरुवात केली. सदस्य हाच मालक, आणि प्रत्येकाला एकच मत, मग खिशात कितीही पैसे असोत. २०१५ मध्ये या क्लबने ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचं मैदान उभं केलं. जगातल्या एका बड्या क्लबवर प्रेम करणाऱ्यांनी तो सोडून स्थानिक लीगच्या चिखलात जाणं ही साधी गोष्ट नाही. त्यावरून घराघरांत आणि मित्रांमध्ये वाद झाले, अनेकांना ती गद्दारी वाटली. बहुतेक चाहते मात्र आहे तिथेच राहिले.

फर्ग्युसननी सगळं झाकून ठेवलं

पहिली आठ वर्षं या रागाला धार चढली नाही, कारण टीम जिंकत होती. कोच होते सर अॅलेक्स फर्ग्युसन. २००८ मध्ये चॅम्पियन्स लीग आली, प्रीमियर लीगची विजेतेपदं येत राहिली. ट्रॉफी हातात असताना ताळेबंद कोण वाचणार?

तरीही २०१० मध्ये एक वेगळं आंदोलन उभं राहिलं. क्लबची लाल जर्सी जगप्रसिद्ध आहे. पण १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी हा क्लब ‘न्यूटन हीथ’ नावाने सुरू केला तेव्हा त्याचे रंग हिरवा आणि सोनेरी होते. चाहत्यांनी त्या रंगांचे स्कार्फ घालून यायला सुरुवात केली. लाल स्कार्फ घेतला तर त्याचे पैसे मालकाच्या खिशात जाणार, हिरवा-सोनेरी घेतला तर नाही. हिशोब सोपा होता आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात उठून दिसणारा होता. मार्च २०१० मध्ये एसी मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमने मॅच संपल्यावर मैदानात पडलेला असा स्कार्फ उचलून गळ्यात घातला आणि तो फोटो जगभर गेला. आपला या वादाशी संबंध नाही, असं बेकहॅमने नंतर सांगितलं, पण तोवर फोटोने त्याचं काम केलं होतं.

त्याच वर्षी काही श्रीमंत चाहत्यांनी ‘रेड नाइट्स’ नावाने एकत्र येऊन क्लब विकत घ्यायचा प्रयत्न केला. तो फसला. २०१२ मध्ये ग्लेझर कुटुंबाने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात क्लबचे शेअर विकले आणि त्यातून आलेल्या पैशांतला अर्धा वाटा स्वतःकडे घेतला. सामान्य गुंतवणूकदाराच्या शेअरला एक मत, कुटुंबाच्या शेअरला दहा मतं. म्हणजे चाहत्यांनी घरदार विकून शेअर घेतले असते तरी मालकाला हलवता आलं नसतं.

२०१३ मध्ये युनायटेडने २०वं लीग विजेतेपद जिंकलं, फर्ग्युसन निवृत्त झाले आणि झाकण उडालं. त्यानंतर मोयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि अमोरिम असे सहा कायमस्वरूपी कोच झाले. मधले हंगामी कोच वेगळेच. लीग एकदाही मिळाली नाही.

इथे एक गोष्ट मालकांच्या बाजूनेही सांगायला हवी. खेळाडूंवर पैसे खर्च झाले नाहीत, असं नाही. उलट प्रचंड झाले. प्रश्न ते कसे झाले याचा आहे. ब्राझीलचा अँटनी २०२२ मध्ये आयाक्सकडून सुमारे ९.५ कोटी युरोंना आणला आणि २०२५ मध्ये साधारण एक चतुर्थांश किमतीला रियल बेतिसला विकला. एका कोचने निवडलेले खेळाडू पुढच्याच्या पद्धतीत बसत नाहीत, मग तो नवे मागतो, मग त्यालाही काढतात. संसारात असं कुणी केलं तर शेजारीपाजारी समजावायला येतील.

हरूनही विक्रमी कमाई

२०२४-२५ चा हंगाम या सगळ्याचा तळ होता. ३८ पैकी १८ मॅच हरून युनायटेड लीगमध्ये १५व्या क्रमांकावर राहिलं, ४२ गुणांवर. १९७३-७४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी. युरोपा लीगची फायनल गाठली, तिथे टॉटनहॅमकडून १-० ने हरले. पुढचा हंगाम सुरू होताच, ऑगस्ट २०२५ मध्ये, चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने त्यांना लीग कपमधून पेनल्टीवर बाहेर काढलं.

आणि याच १५व्या क्रमांकाच्या वर्षात क्लबचं उत्पन्न होतं ६६ कोटी ६५ लाख पौंड. क्लबच्या इतिहासातलं सर्वाधिक! खर्च त्याहून जास्त असल्याने वर्षअखेर तोटा दिसला, हा भाग वेगळा.

सगळं कोडं या आकड्यात आहे. उत्पन्नातला जवळपास अर्धा भाग जाहिरातदार, जर्सीचे प्रायोजक आणि वस्तूंच्या विक्रीतून आला. ते पैसे जगभरातल्या फॅन्सकडे बघून दिले जातात, कालच्या मॅचच्या निकालाकडे बघून नाही. प्रीमियर लीगमध्ये टीव्हीच्या पैशांचं वाटपही असं आहे की अगदी शेवटच्या क्रमांकाच्या टीमलासुद्धा १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. राहिली तिकिटं. समजा एखाद्याने रागाने सीझन तिकीट सोडलं, तर त्याच्या जागेसाठी रांग आहेच.

किराणा दुकानदाराने दोनदा खराब डाळ दिली तर गिऱ्हाईक तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात जातं. युनायटेडचा फॅन मँचेस्टर सिटीच्या दुकानात जात नाही. आजोबांचा क्लब तोच, वडिलांचा तोच, म्हणून त्याचाही तोच. मुंबई-पुण्यात रात्री साडेबाराची मॅच बघून, हरल्यावर चरफडत झोपून सकाळी ऑफिस गाठणारा पोरगाही पुढच्या आठवड्यात टीव्ही लावतोच. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं.

कोल्हापुरात हे गणित वेगळं दिसतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या टीम पेठेच्या आणि तालमीच्या. शाहू स्टेडियमवर टीम हरली तर जाब विचारायला कार्यकर्ता गल्लीतच सापडतो. युनायटेडच्या चाहत्याला जाब विचारायचा तर समुद्र ओलांडून फ्लोरिडाला जावं लागेल.

मग काहीच उपयोग झाला नाही का?

एकदा झाला, तोही दणक्यात. १८ एप्रिल २०२१ रोजी युनायटेडसह युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी ‘सुपर लीग’ जाहीर केली. संस्थापक क्लबांना त्यात कायमची जागा, म्हणजे कितीही हरा, बाहेर पडायची भीती नाही. चाहते भडकले, खेळाडू आणि सरकारही विरोधात गेले, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. जोएल ग्लेझर यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहून माफी मागितली.

पण राग निवला नव्हता. २ मे रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या मॅचआधी शेकडो चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले. कोव्हिडमुळे स्टेडियम प्रेक्षकांसाठी बंद होतं. मॅच पुढे ढकलावी लागली. प्रीमियर लीगमध्ये चाहत्यांच्या आंदोलनामुळे असं घडण्याची ही पहिलीच वेळ. या गोंधळात काही पोलीस जखमी झाले आणि आंदोलनाची बाजू त्यामुळे लंगडी पडली. मॅच ११ दिवसांनी झाली. युनायटेड हरलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकण्याचा विचार असल्याचं सांगितलं. फॅन्सनी फटाके फोडायची तयारी केली, पण वर्षभराच्या घासाघिशीनंतर निघालं वेगळंच. ब्रिटिश अब्जाधीश जिम रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये चतुर्थांशाहून थोडा जास्त हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला. सुमारे दोन तृतीयांश मतं ग्लेझर कुटुंबाकडेच राहिली.

रॅटक्लिफ मँचेस्टरजवळच जन्मलेले, लहानपणापासूनचे युनायटेडचे चाहते. त्यामुळे ते आल्यावर आशा होती. मग जुलै २०२४ मध्ये टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाच काढलं. क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थ पाच महिन्यांत बाहेर पडले. या दोन निर्णयांची भरपाई कोटींत गेली. दुसरीकडे काटकसर म्हणून दोन टप्प्यांत चारशेच्या आसपास नोकऱ्या कमी करायचं ठरलं, कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद झालं आणि हंगामाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, म्हणजे सुमारे ७ हजार रुपये. मुलांना सवलत नाही, पेन्शनरांनाही नाही. वरच्यांच्या चुका आणि ताटातलं जेवण गेलं कॅन्टीनमधल्या माणसाचं, ही भावना त्यानंतर घट्ट बसली. ९ मार्च २०२५ रोजी आर्सेनलविरुद्धच्या मॅचआधी हजारो चाहते काळे कपडे घालून मोर्चाने निघाले. क्लब हळूहळू मरतोय, असं त्यांना सांगायचं होतं. दोनच दिवसांनी क्लबने १ लाख आसनांच्या नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर केला, अंदाजे खर्च २ अब्ज पौंड. जुन्याचं छप्पर लोक विसरले नव्हते, त्यामुळे पहिला प्रश्न ‘पैसे कुणाचे?’ हाच आला.

जर्मनीत जमतं ते इंग्लंडमध्ये का नाही?

कारण जर्मनीत नियमच वेगळा आहे. तिथे ‘५०+१’ नावाची अट आहे. क्लबच्या कारभारातली निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडे, म्हणजे सर्वसामान्य चाहत्यांकडे असली पाहिजेत. लेव्हरकुझेन, वोल्फ्सबुर्गसारखे मोजके अपवाद सोडले तर कुणी परदेशी धनाढ्य येऊन क्लब उचलून नेऊ शकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने प्रक्षेपण हक्कांच्या कमाईतला वाटा गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तर चाहत्यांनी मॅच सुरू असताना मैदानात टेनिस बॉल फेकायला सुरुवात केली. दर आठवड्याला मॅच थांबायच्या, बॉल वेचायचे, पुन्हा सुरू. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो सौदा गुंडाळला. टेनिस बॉलने काम झालं, कारण क्लबांच्या मतदानात ते बॉल फेकणाऱ्यांनाही आवाज होता.

इंग्लंडमध्ये सुपर लीगच्या गदारोळानंतर सरकारने चौकशी करून घेतली आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबांना आता महत्त्वाच्या गोष्टींवर चाहत्यांशी चर्चा करावी लागेल, सुपर लीगसारख्या फुटीर स्पर्धेत जाता येणार नाही, बोधचिन्ह आणि जर्सीचे रंग चाहत्यांना डावलून बदलता येणार नाहीत. नव्या मालकांची आर्थिक तपासणीही होईल. वाईट कोच नेमणं, महाग खेळाडू आणणं आणि हरत राहणं यांसाठी मात्र कुणालाही क्लबमधून काढता येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका इंग्लिश चाहत्याने सोशल मीडियावर शपथ घेतली होती, युनायटेड सलग पाच मॅच जिंकेपर्यंत केस कापणार नाही. त्याचा अंदाज काही आठवड्यांचा असावा. वर्ष उलटलं, जानेवारी २०२६ मध्ये अमोरिमही गेले, तोवर डोक्यावर भलंमोठं टोपलं तयार झालं होतं आणि लाखो लोक दर मॅचनंतर फक्त तेवढंच बघायला यायचे.