कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे पांढुरकी का येतात?

एप्रिल २०२४ मध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मयिलाडुतुरै शहरात बिबट्याचा वावर सीसीटीव्हीत टिपला गेला. १९९१ पर्यंत हा भाग तंजावर जिल्ह्यातच मोडत असे. भातखाचरे, केळीच्या बागा, बांबूची बेटे आणि कालव्यांचे जाळे असलेल्या या मुलखाला बिबट्याची सवय नव्हती. वनखात्याने पिंजऱ्यांबरोबर कॅमेरा ट्रॅपही लावले. अशा शोधात रात्रीचे छायाचित्र पांढरेफटक निघाले, तर समोरून गेला तो बिबट्या होता की कुत्रा, हेही ठरत नाही आणि पिंजरा कोठे हलवावा, हा प्रश्न तसाच राहतो.

दोष शोधताना प्रथम छायाचित्रावर छापलेली वेळ पाहावी. केवळ रात्रीची छायाचित्रे बिघडतात, केवळ दिवसाची, की पहाटेची, यावरून बहुतेक वेळा कारण उघड होते. कॅमेरा उघडण्याची घाई त्यानंतर.

रात्रीचा दोष बहुधा यंत्रात नसतो, तो जागेत असतो. अंधारात कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो. अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो. त्यामुळे अर्ध्या मीटरवरील केळीच्या पानावर चार मीटरवरील प्राण्यापेक्षा चौसष्टपट प्रकाश पडतो. ते पान पांढरे होते, त्याची झळाळी भिंगावर पसरते आणि प्राणी धूसर होतो. तंजावरसारख्या पाणथळ भागात गवत झपाट्याने वाढते. कॅमेरा लावतानाची मोकळी जागा थोड्याच दिवसांत झाकली जाते, हे विसरून चालत नाही. पायवाट कॅमेऱ्याला फार जवळ असेल तर प्राणीच पांढरा पडतो आणि त्याच्या अंगावरील ठिपके पुसले जातात. अशा वेळी कॅमेरा तीन-चार मीटर मागे घ्यावा किंवा सोय असल्यास प्रकाशाची तीव्रता कमी करावी. भिंगावरील कोळ्याचे जाळे आणि कारखान्यातून आलेली पातळ प्लास्टिकची पट्टीही असाच घोटाळा करते. ही पट्टी काढायची राहून जाणे फारसे दुर्मीळ नाही!

दिवसाची छायाचित्रे गुलाबी छटेची व फिकट येत असतील, तर भिंगामागील अवरक्त गाळणीवर संशय घ्यावा. ही गाळणी दिवसा भिंगाच्या आड येते व रात्री बाजूला सरकते. ती अडकली की दिवसाही अवरक्त प्रकाश आत शिरतो. ताज्या बॅटऱ्या घालून कॅमेरा बंद-चालू केल्यास ती कधी कधी सुटते. अन्यथा दुरुस्तीवाचून उपाय नाही. रंग ठीक असूनही सकाळी किंवा सायंकाळी चित्र उजळून जात असेल, तर भिंग पूर्व-पश्चिमेकडे आहे काय, हे पाहावे. कालव्याच्या पाण्यावरून परतणारे ऊनही तितकेच त्रासदायक असते. शक्यतो तोंड उत्तरेकडे ठेवावे.

पहाटे धुरकट आणि ऊन चढल्यावर स्वच्छ, असे चित्र दिसले तर ते दव आहे. तमिळनाडूच्या पूर्व भागात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो, तेव्हा ही तक्रार वाढते. बाहेरचे दव कापडाने पुसता येते. आतून ओल धरली असेल, तर दाराची रबरी पट्टी तपासावी आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

व्याघ्रगणनेत प्राण्याच्या दोन्ही बाजू टिपण्यासाठी कॅमेरे जोडीने, समोरासमोर लावतात. मात्र ते किंचित तिरके ठेवावे लागतात, नाहीतर एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगात शिरतो. २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते व सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि बिबट्या ठिपक्यांवरून. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात उसाच्या शेतांमधील बिबट्यांचा विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यासही याच पद्धतीचा होता. ठिपके नीट उमटले नाहीत, तर तो बिबट्या कोणता, हे सांगता येत नाही.

संगणकावर फिके चित्र थोडे गडद करता येते. पण पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातील तपशील परत मिळत नाही. म्हणून कॅमेरा बसविल्यावर अंधार पडताच प्राण्याच्या उंचीइतके वाकून त्याच्यासमोरून एकदा जावे, ते छायाचित्र तेथेच पाहावे आणि मगच जागा सोडावी.